नाडीचा निकाल

गेल्या दिवाळींत आमच्या चंद्रपूरच्या घरीं एक विलक्षण परीक्षा झाली. विषय निघाला तो 'मिशन शौर्य' या मोहिमेवरून. याच जिल्ह्यांतील आश्रमशाळांत शिकणारीं पांच आदिवासी मुलें २०१८ च्या मे महिन्यांत एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोंचलीं, त्यावर आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हांला तर गच्चीचा जिना चढतांनाच धाप लागते!" म्हणणें खोटें नव्हतें, म्हणूनच तें अधिक झोंबलें.

लागलीच ठरलें, कीं तिघांनीं तीन मिनिटें जिन्याची चढउतार करावी, थांबतांच पंधरा सेकंद नाडी मोजून चौपट करावी, व एका मिनिटानें पुनः मोजावी. सोळा वर्षांच्या पुतण्याची १६४ वरून १२४ वर आली. बहात्तर वर्षांच्या आमच्या तीर्थरूपांची १२४ वरून १००. आम्ही अठ्ठेचाळिशीचे, आमची १४० वरून १३२! घड्याळ चुकलें असावें म्हणून (ही पळवाट आमचीच) दुसरे दिवशीं पुनः मोजली. फरक पडला नाहीं.

श्रम थांबतांच हृदयास लगाम घालते ती व्हेगस नांवाची नस. वयपरत्वें तिचा जोर ओसरतो; वृद्धांची नाडी मुळांत चढतेही कमी. म्हणून तीर्थरूप नातवाच्या मागें राहिले, हें समजण्याजोगें आहे. पण पोटाभोंवतीं चरबी सांठली, कीं शरीरांतील उत्तेजक मज्जातंतू सदा जागे राहूं लागतात आणि लगाम ढिला पडतो. तीर्थरूप वर्षानुवर्षें पहांटे रामाळा तलावाकडे पायीं जातात. आमच्या पट्ट्याचें मात्र दर दोन वर्षांनीं एकेक भोंक पुढें सरकतें. अमेरिकेंतील क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनीं तपासणीस आलेल्या सुमारें २,४०० प्रौढांचा अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध केला. पहिल्या मिनिटांत ज्यांची नाडी बारा किंवा त्याहून कमी ठोक्यांनीं उतरली, त्यांच्यांत पुढील सहा वर्षांतील मृत्यूचें प्रमाण, वय वगैरे जमेस धरूनही, सुमारें दुप्पट आढळलें. ती परीक्षा यंत्रावर, डॉक्टरांसमक्ष. आमची जिन्यावर, बोटांनीं. तरी आठ म्हणजे आठच.

"रानची हवा आहे, चिंता कसली?" असें वहिनी म्हणाल्या. शेजारच्या गडचिरोलींत आरोग्याचें कार्य करणाऱ्या डॉ. अभय बंगांनाही १९९५ सालीं, पन्नाशीपूर्वींच, हृदयविकाराचा झटका आला होता. वहिनींना तें आठवलें नसावें. आम्हांस आठवलें.

सोमवारीं हृदयतज्ज्ञांकडे जावयाचें ठरलें आहे. तीर्थरूपांनीं मात्र आज पहांटेंच आमच्या दारावर काठी आपटली.