नको असलेली ऊब

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषय निवडताना थोडा संकोच वाटला. माजी विद्यार्थी सहसा आपल्या संघर्षाचा, यशाचा किंवा वसतिगृहातील दिवसांचा लेखाजोखा मांडतात, आणि तसे लेख मलाही वाचायला आवडतात. मी मात्र ज्या गोष्टीवर लिहिणार आहे ती वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. एका जुन्या मोटारीत, भर उन्हाळ्यात, नको असताना येणारी गरम हवा, एवढाच हा विषय. परंतु शाळेने दिलेली विचार करण्याची रीत आणि वडिलांच्या हातातील विद्या यांचा मेळ मला या गोष्टीत जसा दिसला, तसा अन्यत्र क्वचितच दिसला. म्हणून तोच प्रसंग आपल्यापुढे ठेवतो.

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यात राहतो. यंत्रांच्या भागांचे संगणकावर आरेखन करणे हा माझा व्यवसाय आणि जुनी मोटार दुरुस्त करणे हा छंद. माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, छत मागे सारता येणारी, जमिनीला खेटून धावणारी ही गाडी. आमच्या घराजवळच्याच ॲबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात या मोटारी तयार झाल्या. सर्व प्रकार धरून त्यांची संख्या पाच लाखांच्या आसपास भरते. चार सिलिंडरचे, १७९८ घन सेंटिमीटरचे साधे इंजिन, मोजकी यंत्रणा आणि सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे सामान्य माणसालाही ती आपल्या हाताने सांभाळता येते.

या गाडीत हीटर कसा चालतो ते आधी सांगितले पाहिजे. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती पाणी खेळवलेले असते. ते तापले की रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. याच तापलेल्या पाण्याचा एक फाटा इंजिनाच्या मागच्या बाजूला बसवलेल्या छोट्या व्हॉल्व्हमधून निघतो आणि रबरी नळीवाटे हीटरच्या पेटीत जातो. पेटीत रेडिएटरसारखीच एक लहान जाळी असते. समोरच्या काचेखालच्या झरोक्यातून शिरलेली बाहेरची हवा या जाळीतून जाते, तापते, आणि काचेवर किंवा पायांकडे सोडली जाते. चालकासमोरचे बटण फिरवले की एक तार ओढली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. थोडक्यात, हा पाण्याचा नळच आहे. नळ पूर्ण मिटला नाही तर जाळी तापलेलीच राहते, आणि गाडी वेगात असताना पंखा बंद असला तरी वाऱ्याच्या रेट्याने गरम हवा आत येत राहते.

इंग्लंडमध्ये वर्षातील बहुतेक महिने याची कोणाला तक्रार नसते. थंडीच्या देशात पायांना थोडी ऊब लागली तर माणूस कुरकुरत नाही. म्हणून हा दोष वर्षानुवर्षे दबून राहू शकतो. तो उघडा पडला २०२२ च्या जुलै महिन्यात. त्या महिन्याच्या १९ तारखेला कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. ब्रिटनमध्ये पारा चाळिशीपार गेल्याची नोंद झालेला तो पहिलाच दिवस होता. नेमके त्याच वेळी माझे वडील आमच्याकडे राहायला आले होते. विदर्भातील मे महिने पाहिलेल्या माणसाला चाळीस अंशांचे काय कौतुक! दूरदर्शनवरील धोक्याच्या सूचना ऐकून ते नुसते हसत होते. परंतु त्यांना गाडीत बसवून गावात एक चक्कर मारली, तेव्हा पाच मिनिटांत त्यांनी पाय वर उचलून घेतले आणि म्हणाले, "काऊन रे, उन्हायात शेगडी काऊन पेटवली?"

माझ्या वडिलांचे सारे आयुष्य एस.टी.च्या आगारात हेल्पर म्हणून गेले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. गाडीबद्दल मात्र त्यांना जे कळते, ते मला पुष्कळ पुस्तके वाचूनही कळत नाही. जुन्या एस.टी. गाड्यांत इंजिन चालकाच्या शेजारीच, एका मोठ्या झाकणाखाली असे. त्या झाकणावर गोणपाट टाकून बसलेले प्रवासी आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. उन्हाळ्यात चालकांची तक्रार ठरलेली असे, की पाय भाजतात. त्यामुळे उष्णता आत कोणत्या वाटेने येते, हा प्रश्न बाबांच्या रोजच्या ओळखीचा होता.

त्यांना ॲबिंग्डन पाहायचे होते. ही गाडी जिथे घडली ती जागा पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचा रक्तदाब पाहता त्या उकाड्यात तापलेल्या पेटीत बसवून त्यांना नेणे मला योग्य वाटेना, आणि परतीच्या विमानाला आठच दिवस उरले होते. त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलण्याची सोय नव्हती.

या दोषावर एक सोपा तोडगा सर्वांना माहीत आहे. हीटरकडे जाणारी नळी चिमट्याने आवळायची किंवा दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटरच वगळायचा. उन्हाळ्यापुरते हे चालतेही. परंतु हिवाळ्यातल्या पहिल्या दमट सकाळी समोरच्या काचेवर धुके साचते, आणि ते घालवणारी गरम हवा आपणच बंद केलेली असते. शिवाय इंग्लंडमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट आहे. माझ्या गाडीकडे बोट दाखवणारा तपासनीस आता कोणी नाही. जबाबदारी संपूर्णपणे मालकाची.

आमच्या शाळेत विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत एक गोष्ट सतत सांगत. एका वेळी एकच बदल करा, आणि त्याचा परिणाम पाहिल्यावरच दुसऱ्याला हात लावा. त्याच रीतीने आम्ही निघालो. प्रथम बटण पूर्ण थंडकडे फिरवून इंजिन चांगले तापू दिले. मग ते बंद करून नळीला हात लावला. हात लावायचा तो हीटरच्या पेटीजवळच्या टोकाला. व्हॉल्व्हजवळचे टोक इंजिनाच्या धगीने तसेही तापलेले असते. पेटीजवळचे टोक थंड असते तर पाणी अडले आहे आणि उष्णता दुसऱ्या वाटेने येते, असा निष्कर्ष निघाला असता. आमची नळी मात्र हात ठेववत नाही इतकी गरम होती. म्हणजे नळ गळत होता.

नळ गळतो तो दोन कारणांनी. एक तर त्याला मिटवणारी तार पूर्ण ओढली जात नाही, किंवा तो आतूनच खराब झालेला असतो. आम्ही तार सोडवली आणि व्हॉल्व्हची कळ बोटाने ढकलून पाहिली. ती आणखी अर्ध्या सेंटिमीटरने पुढे गेली. तारेचे बाहेरचे आवरण क्लिपमध्ये सैल झाले होते, त्यामुळे बटण शेवटपर्यंत फिरले तरी कळ शेवटपर्यंत पोहोचत नव्हती. आवरण सरळ करून क्लिप आवळली. पुन्हा इंजिन तापवले, पुन्हा नळी पाहिली. आता ती गरमऐवजी कोमट लागत होती. दोष कमी झाला होता, पण संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह काढला. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे. तापलेल्या इंजिनातील पाणी दाबाखाली असते. रेडिएटरचे झाकण उघडले तर ते उसळून हात-तोंड भाजते. रेडिएटरमधील पाणी व्हॉल्व्हच्या पातळीखाली येईपर्यंत एका परातीत काढून घेतले आणि लगेच झाकून ठेवले, कारण त्यात मिसळलेले गोठणविरोधी रसायन चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते. व्हॉल्व्ह ज्या स्टडांवर बसतो ते जुन्या इंजिनात गंजलेले असतात. जोर केला तर मोडतात, आणि पाच मिनिटांचे काम पाच दिवसांचे होते. बाबांनी आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. सकाळी पाना लावून ते नट पाव फेरा सोडवायचे, पुन्हा थोडे आवळायचे, पुन्हा सोडवायचे असे करत राहिले. घाई अजिबात नव्हती. दोन्ही नट सुटले.

व्हॉल्व्हच्या आतील रबरी पडदा कडक होऊन तडकला होता. पन्नास वर्षांच्या गाडीत रबराने हार मानली तर त्यात कोणाचा दोष नाही. नवा व्हॉल्व्ह आणला तेव्हा बाबांनी तो बसवण्याआधी मिटवून तोंडाने फुंकून पाहिला. हवा पार जात नाही अशी खात्री झाल्यावरच माझ्या हाती दिला. नवी वस्तू नवी आहे म्हणून ठीक असेलच, हे त्यांनी आगारात कधी गृहीत धरले नव्हते. जुने गास्केट खरवडून जागा स्वच्छ केली, नवे गास्केट लावले, आणि पाणी भरताना व्हॉल्व्ह उघडा ठेवला. तो मिटलेला असेल तर हीटरच्या जाळीत हवा कोंडते, आणि हिवाळ्यात हीटर गरमच होत नाही.

यानंतर नळी अगदी थंड राहिली. चालकाच्या बाजूला वारा थंड झाला. डावीकडे, बाबांच्या पायांजवळ मात्र धग होतीच. एखादा म्हणाला असता की आता इतके चालायचेच. बाबा म्हणाले, "इकडून येते ते पाण्याची नाही, इंजिनाची." या गाडीत धूर नेणारा नळ इंजिनाच्या डाव्या बाजूने उतरतो. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते, आणि तारा जाण्यासाठी तिला भोके असतात. प्रत्येक भोकात रबरी कडे बसवलेले असते.

तिकडे जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. अंधार पडल्यावर बाबांनी मला बॉनेटखाली एक दिवा पेटवून ठेवायला सांगितले, बॉनेट मिटवले, आणि स्वतः गाडीत शिरून डावीकडच्या पायांच्या जागेत डोके घातले. जिथून उजेड आत येतो तिथूनच धग आत येते. दोन ठिकाणी उजेड दिसला. एका भोकातील रबरी कडे गळून गेले होते, आणि हीटरच्या पेटीखालील स्पंजाची पट्टी एका कोपऱ्यात भुगा झाली होती. ही केवळ उकाड्याची गोष्ट नव्हती. ज्या फटीतून उष्णता येते त्याच फटीतून धूरही येऊ शकतो, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. जुन्या गाडीत गरम हवेबरोबर धुराचा वास आला, तर गाडी बाजूला घेऊन खाली उतरावे आणि धुराचा नळ आधी तपासावा. आमचा नळ धड होता. दोन्ही फटी बुजवल्या.

ते काम चालू असताना बाबा अचानक म्हणाले, "तुये हात काये होऊ नये म्हून तुले वसतिगृहात टाकलं, अन् तू इकडं येऊन थेच करतं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण प्रश्न खरा होता, आणि तो आपल्या समाजातील कितीतरी आईवडिलांचा आहे. हाताचे काम आपल्या पूर्वजांवर लादले गेले, म्हणून शिक्षण म्हणजे हाताच्या कामातून सुटका, असे आपण मानत आलो. मी म्हणालो, "बाबा, तुमच्यावर हे काम पडलं होतं. मी ते निवडलंय." ते काही बोलले नाहीत. दिवा थोडा सरकवून त्यांनी मला नीट दिसेल असा धरला.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही ॲबिंग्डनला गेलो. वारा थंड लागत होता. कारखाना १९८० साली बंद झाला. तिथे आता वेगळी वस्ती आणि वेगळे उद्योग आहेत. गावातील कौंटी हॉल संग्रहालयात एक एमजीबी जपून ठेवली आहे. बाबांनी ती भोवतीने फिरून पाहिली आणि विचारले, "इथल्या कामगारांचं पुढं काय झालं?" एका कारखान्याच्या जागी उभे राहून दुसऱ्या कारखान्यातील माणसाला हाच प्रश्न आधी सुचतो, हे मला त्या दिवशी कळले.

आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. दोष जिथे जाणवतो तिथेच तो असतो असे नाही, आणि एक कारण सापडले म्हणून बाकीची कारणे नाहीशी होत नाहीत. आमच्या गाडीत तीन वाटा होत्या. तिन्ही स्वतंत्रपणे तपासाव्या लागल्या. त्यांपैकी दोन मी शाळेत शिकलेल्या रीतीने सापडल्या, तिसरी चौथी शिकलेल्या माणसाच्या दिव्याने. पालकांना विनंती, की आपल्या पाल्याने हातात पाना घेतला तर मागे ओढू नका. त्यामागे विचार आहे की नाही, एवढेच पाहा. आणि घरात असे जाणते हात असतील, तर त्यांच्याकडून शिकून घ्यायला उशीर करू नका.

शाळेच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक मंगल कामना.