स्वस्त डेकची जमीन

२३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाच्या कमांडर प्रकारातून, म्हणजे एका सेनापतीभोवती डेक बांधून सहसा चौघांनी खेळायच्या प्रकारातून, चार पानं बाद झाली. त्यातल्या मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट या तिन्हींत लोकांचे बरेच पैसे अडकले होते. भाव कोसळले, नियम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या समितीला धमक्या आल्या आणि आठवड्याभरात समितीने सगळा कारभार विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या हाती देऊन टाकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने डेकच्या पाच पायऱ्या मांडल्या. तेव्हापासून टेबलावर पहिला प्रश्न असतो तो ‘कितव्या पायरीचा?’ हा. आम्हा स्वस्तात बांधणाऱ्यांची यात एक सोय गेली. पूर्वी हरलो तरी ‘डेकच स्वस्तातला आहे’ म्हटलं की भागायचं. आता दोघं एकाच पायरीवर बसलेले असताना तीन हजारांचा डेक तीस हजारांच्या डेकपुढे का हरावा, याचं नीट उत्तर द्यावं लागतं. माझं मत असं की चौघांच्या खेळात किंमत समजतात त्याच्या मानाने फारच थोड्या ठिकाणी आडवी येते. जिथे येते, तिथे मात्र तिच्याशी तडजोड होत नाही. ती जागा म्हणजे जमीन, इतर पानं खेळायला लागणारा मॅना देणारं पान.

आधी किंमत कुठे आडवी येत नाही ते पाहू. प्रत्येकाला ४० प्राण, म्हणजे समोर १२० प्राण उभे. एकट्याला झटपट लोळवणारं महागडं पान इथे एकाला लोळवतं आणि उरलेल्या दोघांना सावध करतं. उलट ‘प्रत्येक प्रतिस्पर्धी’ हे शब्द ज्या पानावर छापलेत, ते आपोआप तिप्पट काम करतं. ग्रे मर्चंट ऑफ अॅस्फोडेल हे २०१३ चं साधं कॉमन पान. टेबलावर आपलं दुसरं काहीही नसलं तरी ते तिघांचे दोन-दोन प्राण खेचतं आणि आपल्याला सहा देतं. ब्लास्फेमस अॅक्टची छापील किंमत नऊ मॅना, पण टेबलावरच्या प्रत्येक प्राण्यामागे एक मॅना कमी होतो. दोघांच्या खेळात ते जड, चौघांत बहुतेक वेळा एका लाल मॅनात सगळं मैदान साफ. यावर कुणी म्हणेल, रिस्टिक स्टडी या पानालाही चौघांच्या टेबलाचाच फायदा मिळतो, आणि ते तर महाग आहे. खरं आहे. पण ते उतरलं की तिन्ही नजरा आपल्याकडे वळतात. शिवाय कंपनीने त्याला ‘गेम चेंजर’च्या यादीत घातल्यामुळे खालच्या दोन पायऱ्यांवर त्याला जागाच नाही.

कोकणात पत्त्यांची परंपरा जुनी आहे, आणि तिच्या शेजारी ठेवलं की ‘मॅजिक’चा दोष नेमका दिसतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, खेळणारे तिघं. श्रीमंतांसाठी दरबार कलम, सामान्यांसाठी बाजार कलम. फरक सगळा नक्षीत आणि रंगात; बाजार कलमातला राजा दरबारातल्या राजाइतकेच हात घेतो. गणपतीत आरती आटोपल्यावर रंगणाऱ्या मेंढीकोटातही कॅट केवढ्याला घेतला यावर दश्शाचं वजन ठरत नाही. ‘मॅजिक’ने किमतीला नक्षीतून उचलून खेळात आणून बसवलं. स्वस्त डेक बांधणं म्हणजे तिला पुन्हा नक्षीकडे पिटाळणं. आणि आमच्या गुहागरच्या पावसाळ्यात नक्षीचंही खरं नसतं. चकचकीत फॉइल पान हवेतल्या ओलीने वाकतं, मग गठ्ठ्यात ते नुसत्या कडेवरून ओळखू येतं. असं न उलटता ओळखू येणारं पान कितीही महाग असो, खेळायला निकामी.

आता जमीन. सेनापती सोडून उरलेल्या ९९ पानांत ३७ जमिनी धरल्या तर चौथ्या टर्नपर्यंत पाहिलेल्या ११ पानांत सरासरी चार येतात, तिथपर्यंत ठीक. पण दोन रंग देणाऱ्या स्वस्त जमिनी बहुतेक आडव्या उतरतात, म्हणजे त्या टर्नला उपयोग शून्य. अशा बारा घातल्या तर पहिल्या चार टर्नांत सरासरी सव्वा टर्न बुडतो. सहा घातल्या तर पाऊणाहून कमी. सहाच घालाव्यात, तर तीन रंगांच्या डेकमध्ये रंग जुळत नाहीत. उभ्या उतरणाऱ्या मूळ दहा दुरंगी जमिनी १९९३ च्या, आणि १९९६ च्या राखीव यादीमुळे त्या पुन्हा छापायच्या नाहीत असं वचन कंपनीने देऊन ठेवलंय. वचन खेळणाऱ्यांपेक्षा साठवणाऱ्यांना दिलेलं आहे, हे माझं स्पष्ट मत. चौघांच्या टेबलाने दिलेली सवलत इथेही थोडी आहे. एक्झॉटिक ऑर्चर्ड प्रतिस्पर्ध्यांच्या जमिनींचे रंग उसने घेते, आणि समोर तिघं असताना ती सहसा रिकामी राहत नाही. २०१८ च्या बॅटलबाँड संचातल्या जमिनी तर दोन किंवा अधिक प्रतिस्पर्धी असले तरच उभ्या येतात. पण अशा दोन-चारांवर ३७ चा संसार चालत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने सुरू करतो. जमिनी आधी मोजायच्या, मग त्यांना झेपतील अशीच पानं घ्यायची. कोपऱ्यात एकाच रंगाची दोन चिन्हं असलेलं पान दुसऱ्या रंगात मोजकंच. ग्रे मर्चंटची दोन काळी चिन्हं हीच त्याची ताकद आणि बहुरंगी डेकमध्ये हीच त्याची अडचण.

एवढा खटाटोप कशाला, महागडी पानं घरीच छापून घ्या की, असं म्हणणारे बरेच आहेत. घरगुती खेळाला त्यात काही गैर नाही, आणि चिपळूणपर्यंत येऊन अडणाऱ्या कुरिअरचा खर्चही वाचेल. त्यांच्याशी माझं भांडण वेगळ्या कारणाने आहे. सगळंच छापता आलं की प्रत्येक डेकमध्ये तीच वीस-पंचवीस पानं येऊन बसतात, आणि इंटरनेटवरच्या आकडेवारीवरून बांधलेल्या याद्यांनी ते आधीच व्हायला लागलंय. अर्थात यात माझा अहंकारही आहे, तो कशाला लपवू? जिंकल्यावर कुणीतरी ‘केवढ्याला पडला?’ विचारावं म्हणून मी थांबतो, आणि नाहीच विचारलं तर स्वतःहून सांगतो. छापील पानांच्या टेबलावर तो आकडा ऐकायला कुणी उरणार नाही. तो आकडा तीन हजारांत ठेवायचा तर तिसरा रंग सोडावा लागतो. दोन रंगांत सहा आडव्या जमिनींवर भागतं, तीन रंगांत काही केल्या भागत नाही. साध्या जमिनी वाढवा, मॅना देणारी चिल्लर पानं वाढवा, एखादा रंग नुसता शिंतोड्यापुरता ठेवा, गणित तिथेच येऊन अडतं. म्हणून दर वेळी तिसरा रंग सोडतो आणि दर वेळी चरफडतो, कारण सगळ्यात देखणे सेनापती नेमके तीन रंगांचेच असतात.