बिघाड दिसतो तेव्हाच तपासा

सुटे भाग बदलणे आणि बिघाड शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याला धीर लागतो. मी बी.कॉम. झालेला कारकून. मला मोटार चालवतासुद्धा येत नाही. परंतु माझा भाचा आयटीआय करून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका गॅरेजात लागला आहे. रविवारी त्याचा फोन येतो आणि तो मामाला कामाच्या गोष्टी सांगतो. त्यातली एक वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

त्याच्याकडे एमजीबी नावाची जुनी स्पोर्ट्स कार आली होती. ही गाडी 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तिचे मूळ इंजिन चार सिलिंडरचे, 1.8 लिटरचे. पण तिथले हौशी लोक ते काढून रोव्हरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवतात. ते ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वजनाला जुन्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच भरते, ताकद मात्र पुष्कळ जास्त. खुद्द कंपनीनेही 1973 ते 1976 मध्ये असे इंजिन घातलेल्या गाड्या विकल्या होत्या. भाच्याकडच्या गाडीत मात्र रेंज रोव्हरचे 3.9 लिटरचे इंजिन त्याच्या संगणकासकट बसवले होते. म्हणजे शरीर एकाचे आणि हृदय व मेंदू दुसऱ्याचे!

तक्रार अशी की, सकाळी थंडीत गाडी चालू केली की इंजिन एका लयीत राहत नसे. फेरे कधी मिनिटाला पंधराशेवर जात, तर कधी सातशेच्या खाली येऊन इंजिन बंद पडे. दहा मिनिटांनी तापले की जणू काही झालेच नाही अशा थाटात शांत चाले.

ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन नुसते चालू राहते, त्याला आयडलिंग म्हणतात. त्या वेळी मुख्य झडप जवळजवळ बंद असते आणि एक छोटी झडप संगणकाच्या हुकुमाने लागेल तेवढी हवा आत सोडते. आत येणारी हवा एका तापलेल्या तारेवरून जाते, तिच्यावरून हवेचे माप कळते आणि त्या मापाने पेट्रोल दिले जाते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते. म्हणून पाण्याचे तापमान सांगणारा एक सेन्सरही असतो. डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि संगणकाचा वेगळा. काटा बरोबर दाखवतो म्हणून संगणकाला बरोबर कळतेच असे नाही.

गॅरेजातील जुन्या मंडळींनी दुपारी गाडी तपासली. छोटी झडप साफ केली. हवा कुठून गळते का ते पाहण्यासाठी आत धूर सोडला. कुठेच गळती दिसली नाही. तेव्हा मुख्य मेकॅनिकने निकाल दिला की संगणक बदला. खर्च मोठा होता. गाडीचा मालक निवृत्त गृहस्थ, तरी तो कबूल झाला.

भाच्याला नोकरीला लागून चारच महिने झाले होते आणि तो अजून कायम झालेला नव्हता. अशा वेळी मोठ्यांच्या निकालाच्या आड येणे सोपे नसते. तरी तो म्हणाला, "गाडी रात्रभर इथेच राहू द्या. सकाळी कोणी किल्ली फिरवायच्या आत मला पाहू द्या." फोनवर मला म्हणाला, "मामा, थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा चालू केलं की परीक्षा दुसऱ्या दिवसावर गेली."

सकाळी गॅरेजात दहा अंशांच्या आसपास तापमान होते. त्याने आधी संगणकाच्या सेन्सरचा विद्युतरोध मोजला. वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास, असा त्याचा हिशेब असतो. थंडीत तो अडीच हजारांच्या वर हवा, आणि तसा होता. सेन्सर निर्दोष. मग त्याने पुन्हा धूर सोडला. या वेळी छोट्या झडपेच्या रबरी नळीच्या टोकाशी धुराची बारीक रेघ निघाली. इंजिन बदलताना कोणीतरी किंचित मोठ्या मापाची नळी क्लॅम्पने आवळून बसवली होती. थंडीत रबर कडक होऊन फट राही. इंजिन तापले की रबर मऊ होऊन फट बुजे. फटीतून शिरणारी हवा तारेवरून जात नसल्यामुळे तिची नोंदच होत नव्हती. बेहिशेबी हवेला पेट्रोल कमी पडे, फेरे घसरत, संगणक झडप उघडी, मग फेरे वाढत, तो ती मिटी, की पुन्हा घसरण. संगणक बिचारा चुकीच्या जमाखर्चावर खाते जुळवू पाहत होता. योग्य मापाची नळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पहिल्या क्षणापासून स्थिर चालले.

हे ऐकताना मला आमच्या वस्तीचा नळ आठवला. पाणी पहाटे चार ते सहा. शेवटच्या ओळीतल्या घरांना हंडाभरही मिळत नसे. अर्ज केल्यावर साहेब सकाळी अकराला आले, पाइप पाहिला आणि 'पाइप सुस्थितीत आहे' असे लिहून गेले. खोटे काहीच लिहिले नव्हते. फक्त वेळ चुकीची होती. मग आम्ही पंधरा दिवस रोज पहाटे कोणत्या घरी किती हंडे भरले ते वहीत लिहिले आणि ती वही दाखवून साहेबांना पहाटे पाचला आणले. पुढच्या घरांनी थेट लाइनला लावलेल्या मोटारी तेव्हा त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकू आल्या.

कोणी तक्रार घेऊन आला आणि आपण गेलो तेव्हा सारे ठीक दिसले, तर तक्रार करणाऱ्याला लगेच खोटा ठरवू नये. त्याला दोनच प्रश्न विचारावेत: हे कधी होते? आणि त्या वेळी काय काय चालू असते? मूल सकाळीच पोट दुखते म्हणाले, सून संध्याकाळीच गप्प होते, दिवा रात्रीच मिणमिणतो, तर त्याच वेळी जाऊन बघावे. महागडा संगणक बदलण्यापूर्वी एक पहाट खर्च करावी. ती बहुधा स्वस्त पडते.