शेंदऱ्याची कोय

मुखेड तालुक्यातल्या आमच्या बांधावर आजेसासऱ्यांनी कोय लावून वाढवलेला शेंदऱ्या आंबा होता. ढगाळ हवेत शेजारच्या कलमांचा मोहर भुरीने गळे, याचा टिके. नणंदेच्या लग्नासाठी तो लाकूडवाल्याला विकला. मामंजींनी श्रावण सरेपर्यंत मुदत घेतली.

जूनमध्ये पाडाच्या कोया मी सुकू न देता लगेच लावल्या. मामंजी म्हणाले, "सूनबाई, कोयीतून हाच आंबा येईल असं नाही. माश्या मोहराला कुठला पराग लावतात, कोण सांगणार?" म्हणून रोपं कोवळी, तांबूस असतानाच बारांवर शेंदऱ्याच्या काड्या बांधल्या. तीन जगल्या. उरलेली रोपं कोयीचीच वाढवली. त्यांतही एखादं भुरीला दाद न देणारं निघेल.

झाड गेलं, शेंदऱ्या राहिला. बायांनो, कुऱ्हाड लागण्याआधी काडी घ्या.