पॉम्पेईचा पाव आणि पाच अतिचार



इटलीतले पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, हे आपण शाळेत वाचलेले असते. तिथल्या एका भट्टीत ८१ पाव सापडले. पार कोळसा झालेले, पण आकार जसाच्या तसा: गोल, आणि वरून आठ फोडींच्या खुणा. मोडून वाटून खायचा पाव तो.

त्या रोमन घरांबद्दल वाचताना आपुलकी वाटते. स्वयंपाकघरात नाहीतर चौकात देवाचा कोनाडा, त्यात घर राखणाऱ्या देवतांची चित्रे, त्यांच्यापुढे धूप आणि घासभर अन्न. आपल्याच वाड्यातले वाटावे असे सगळे.

पण पीठ कुठून येत होते? पॉम्पेईत २०२३ साली एका घराला जोडलेली पावभट्टी उत्खननात सापडली. घराच्या एका बाजूला सुंदर भित्तिचित्रे आणि दुसऱ्या बाजूला ही अंधारी भट्टी. खिडक्या लहान, उंचावर, लोखंडी गज लावलेल्या. बाहेर रस्त्यावर जायला दार नाही. वाट होती ती फक्त मालकाच्या घरात. आत गुलाम आणि डोळे बांधलेली गाढवे दगडी जात्याभोवती फिरत राहायची.

दुसऱ्या शतकातल्या अपुलेयस या लेखकाच्या कादंबरीत गाढव झालेला नायक अशाच जात्याला जुंपला जातो. तिथली माणसे त्याला दिसतात ती अशी: पायांत बेड्या, पाठीवर फटक्यांचे वळ, कपाळावर अक्षरे उमटवलेली. ग्रीकांकडे तर पीठ हाताळणाऱ्या गुलामाच्या गळ्यात चाकासारखे रुंद कडे घालत. हात तोंडापर्यंत पोचू नये आणि चिमूटभर पीठही पोटात जाऊ नये, म्हणून!

हे वाचताना मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवला. उमास्वामी आचार्यांनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे. बेड्या, फटके, डागलेले कपाळ, दिवसभराचे जाते, गळ्यातले कडे. पाचही एका पावामागे उभे आहेत. आणि तो पाव पूर्ण शाकाहारी आहे!

रोमन लोकांना याची जाणीव अजिबात नव्हती असेही नाही. चुलीची देवता वेस्टा हिच्या सणाला, ९ जूनला, जाती बंद असत. गाढवांच्या गळ्यात फुलांच्या आणि पावांच्या माळा घालत, अगदी आपल्या बैलपोळ्यासारखे. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तेच जाते.

आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो, सूर्यास्तापूर्वी जेवतो. ताटात काय आले याची आपली परीक्षा कडक असते. ते कोणाच्या श्रमावर आले, याची परीक्षाही त्याच सूत्रात आहे. दशलक्षण पर्वात घरोघरी उपवास असतात, पण उकळलेल्या पाण्याची पातेली, पाहुणे, पारण्याचा स्वयंपाक यांनी भांडी घासणाऱ्या मावशींचे काम दुप्पट होते. आपले पोट हलके आणि त्यांचे ओझे जड. अतिभारारोपण म्हणतात ते हेच.

आमच्याकडे म्हणून पर्वाच्या दिवसांत भांडी आम्ही वाटून घेतो, मावशींना जादा कामाचे पैसे आधीच देतो आणि पारण्याच्या दिवशी त्या आमच्याबरोबर गरम जेवतात. त्यानंतर दोन दिवस पगारी सुट्टी. हे पुण्यकर्म म्हणून मी लिहीत नाही. व्रत घेतले की अतिचार टाळणे त्यात आलेच.

यंदा पारण्याची यादी करताना मूग, तूप, खारीक लिहाल, तेव्हा शेवटी एक ओळ ठेवा: आपल्या घरात त्या दिवशी जास्तीचे काम कोणाकडे जाणार आहे?