एक घर, एक रात्र आणि नंदा

काल रात्री साडेदहाला ‘थोडा वेळ बघू’ म्हणून ‘इत्तेफाक’ लावला आणि सव्वाबारा वाजता अंधारात तसाच बसून होतो! १९६९चा चित्रपट, आणि मला आत्तापर्यंत कुणी सांगितलंच कसं नाही?

बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो. बाहेर धो धो पाऊस. तो एका बंगल्यात शिरतो, घरात एकटी बाई. राजेश खन्ना आणि नंदा. बस्स! बहुतेक सगळा चित्रपट त्याच घरात, त्याच एका रात्रीत. मग न्हाणीघराचं दार उघडतं, आत प्रेत असतं, आणि पुन्हा बघावं तर नसतं! मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

आणि गाणं? एकही नाही! निर्माते बी. आर. चोप्रांनी १९६०च्या ‘कानून’मध्ये हे धाडस केलं होतंच, पण इथं घरच इतकं बोलतं की गाण्याची आठवणही होत नाही. जिना, पडदे, टेलिफोन, कशावरच भरवसा ठेवता येत नाही. ध्वनीसाठी फिल्मफेअर मिळालं ते उगीच नाही. दिग्दर्शनाचं फिल्मफेअर यश चोप्रांना मिळालं.

नंतर वाचलं आणि आणखीच वेडावलो. सायरा बानू आजारी पडल्यामुळे यश चोप्रांच्याच ‘आदमी और इन्सान’चं काम खोळंबलं होतं. त्या मोकळ्या वेळात ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून हा चित्रपट उभा राहिला, जेमतेम महिन्याभरात! मोठा सेट नाही, परदेशवारी नाही. पसारा नव्हता म्हणूनच कॅमेरा माणसांच्या इतक्या जवळ गेला, असं मला मनापासून वाटतं.

इफ्तेखारचा इन्स्पेक्टर तर चक्क कर्वे! शांत, सभ्य, पण नजर घरभर फिरणारी.

आणि नंदा! मास्टर विनायकांची मुलगी, पडद्यावर वर्षानुवर्षं सगळ्यांची सोज्वळ बहीण. ती घाबरते तेव्हा आपण तिच्या बाजूनं घाबरतो, ती गप्प होते तेव्हा तिच्या डोळ्यांत काहीतरी शोधू लागतो. याच्या पुढं एक अक्षर सांगणार नाही.

आज रात्री आईला घेऊन पुन्हा बसणार आहे. तिची नंदा म्हणजे ‘छोटी बहन’मधली. शेवटची दहा मिनिटं मी पडद्याकडे नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघणार आहे.