दडे बसलेला सोमवार

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि दिवाळी त्याच्या ऐन भरात येते. या दिवसांत सोमवारी माझ्याकडे कॅन्सस सिटीत एक तक्रार हमखास येते: "काल मॅचला गेलो होतो, तेव्हापासून कानाला दडे बसलेत." बहुतेकांचे दडे एक-दोन दिवसांत सुटतात आणि सुटले की माणूस पुढच्या सामन्याला तसाच जातो. श्रवणतज्ज्ञ म्हणून मला या सुटण्याचीच जास्त काळजी वाटते.

आमच्या ॲरोहेड स्टेडियमच्या नावावर आवाजाचा गिनेस विक्रम आहे. 29 सप्टेंबर 2014 रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या सामन्यात इथे 142.2 डेसिबल नोंदले गेले. त्याआधी वर्षभर सिएटल आणि कॅन्सस सिटी हा विक्रम एकमेकांकडून हिसकावून घेत होते. या ओरडण्यामागे डावपेच आहे. चेंडू पाहुण्या संघाकडे असताना त्यांच्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या, सूचना त्याच्याच खेळाडूंना ऐकू जाऊ नयेत, कुणी गडबडून आधीच हलावं आणि संघाला दंड बसावा, यासाठी सगळं मैदान घसा फोडतं. त्या ओरडण्यात परक्या शहरात आलेल्या माणसालाही आपण इथलेच आहोत असं वाटतं, हे मी आपल्या मराठी घरांत पाहते. त्यामुळे ओरडू नका, असं मी कुणाला सांगत नाही.

मात्र 142 या आकड्याने लोकांची दिशाभूल होते. तो एका क्षणाचा कळस आहे. कान हिशेब ठेवतो तो आवाज किती आणि किती वेळ, या दोन्हींचा. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. शेजारच्या कॅनडात, एडमंटनमध्ये, आइस हॉकीच्या 2006 च्या स्टॅन्ले कपच्या अंतिम फेरीत संशोधकांनी प्रेक्षागृहात बसून मोजणी केली, तेव्हा हॉकी सामन्यांची सरासरीच 100 च्या वर निघाली. अशा आवाजात तीन तास बसलं, तर कानांवर बारा दिवसांचा भार एका दुपारी पडतो.

आतल्या कानात, शंखाकृती कॉक्लियात, आवाज टिपणाऱ्या साधारण 15,000 केसपेशी असतात. मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, गोंगाटाची पहिली खूण बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास दिसते. रेघ तिथे खाली बुडी मारते आणि पुढे पुन्हा वर येते. हा खड्डा वाढत गेला की स, श, फ अशी व्यंजनं निसटू लागतात. घरात समोरासमोर बोलताना काही जाणवत नाही, पण पंगतीत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये माणूस नुसता मान डोलवत बसतो.

त्याहून गंभीर गोष्ट 2009 मध्ये बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी दाखवली. गोंगाटानंतर उंदरांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, केसपेशी शाबूत राहिल्या, पण त्यांना श्रवणतंतूंशी जोडणारे काही भागांतले जवळजवळ निम्मे सांधे कायमचे गेले. चाचणी चांगली आली म्हणून कान बचावला, असं मी तेव्हापासून छातीठोकपणे सांगत नाही.

कायद्याची बाजू विचित्र आहे. त्याच स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकणारा कामगार म्हणून केंद्रीय नियमांखाली येतो. सरासरी 85 च्या वर गेली तर मालकाला त्याची श्रवणचाचणी करावी लागते, कानाचं संरक्षण पुरवावं लागतं. त्याच्याकडून पॉपकॉर्न घेणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला यातलं काहीच लागू नाही.

"ताई, ह्याला नेऊ का?" असं आया विचारतात. न्या, पण कानांवर इअरमफ घालून. 2010 च्या सुपर बोलनंतर, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यानंतर, विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझने मोठे हेडफोन घातलेल्या आपल्या एक वर्षाच्या मुलाला उंच धरलं होतं. तो फोटो मी अजून पालकांना दाखवते. मोठ्यांसाठी फोमचे प्लग पुरतात, नीट बसवले तर. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धवट खोचलेला प्लग नुसता शोभेचा. पाकिटावर आवाज घटवण्याचा आकडा 33 डेसिबल लिहिला असेल तर त्यातून 7 वजा करून निम्मे धरावेत: 13. पण शंभराचे 87 झाले की पंधरा मिनिटांऐवजी पाच तास मिळतात. कापसाच्या बोळ्याने हे होत नाही. पुण्यातल्या ढोलपथकांतल्या मुलामुलींनाही मी हेच सांगते.

सामन्यानंतर कानात गुणगुण दुसऱ्या दिवशीही राहिली, तर चाचणी करून घ्या. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठा. त्यावरच्या स्टेरॉइडच्या उपचाराला उशीर चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक काढलं: 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या आत, प्रेक्षकांना इअरप्लग आणि कानांना विसावा देणारी शांत जागा. स्टेडियमना हे का लागू नसावं? गर्दीचा घसा कुणाच्या हातात नाही, पण "आणखी जोरात" म्हणून पेटणारा पडदा आणि भोंगे संघाच्या हातात आहेत. प्रवेशद्वारावर बॅगा तपासतात, तिथेच प्लगची पेटी ठेवायला जागाही आहे.